नगररचना आणि पर्यावरणशास्त्र : दोन्ही एकत्र शिकावं का?

पायवाट

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

नगररचनेच्या पदवीला प्रवेश मिळालाय. विद्यापीठात दोन वाटा आहेत. नगररचना मुख्य आणि पर्यावरणशास्त्र दुय्यम, किंवा एक वर्ष जास्त देऊन दोन्ही मुख्य. मला दोन्ही आवडतात, हेच दुखणं आहे. एक सीनिअर म्हणते, दिवस प्रयोगशाळेत आणि रात्र स्टुडिओत (आराखडे काढायच्या वर्गात) जाईल, झोपणार कधी? दुसरा म्हणतो, पुढे नुसत्या नगररचनेला कुणी विचारणार नाही. रसायनशास्त्राशी माझं फारसं जमत नाही, हेही सांगून टाकते.

दोन्ही शिकलेलं किंवा शिकत असलेलं कुणी आहे का इथे? अभ्यासात दोन्ही विषय खरंच कुठे एकत्र येतात, की फक्त माहितीपत्रकातच?

नकाशेवाला

मी दोन्ही शिकलोय, आणि आता बरीच वर्षं विकास आराखड्यांचं काम करतोय. वेळापत्रकाचं दुसरं कुणी सांगेल, मी शेवटच्या प्रश्नाचं बोलतो.

दोन्ही एकत्र कुठे येतात याचं सगळ्यात छोटं उदाहरण म्हणजे पावसाच्या पाण्याच्या गटाराचं गणित. लहान क्षेत्रासाठी वापरायचं सूत्र सोपं आहे : अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून येतो तो आकडा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की पाण्याचा कमाल प्रवाह मिळतो. पर्यावरणशास्त्राच्या वर्गात तीव्रता शिकवतात, जुन्या नोंदी, संभाव्यता वगैरे. गुणांक मात्र तक्त्यातून उचलायचा असतो. डांबर आणि छपरांना ०.७ ते ०.९५, हिरवळीला माती आणि उतार बघून ०.०५ ते ०.३५. म्हणजे शंभर लिटर पाऊस पडला तर डांबरावरून नव्वद-पंचाण्णव लिटरपर्यंत वाहून येईल आणि वाळूमिश्रित सपाट हिरवळीवरून पाच-दहा.

आता हा गुणांक ठरवतो कोण? निसर्ग नाही. भूखंडाचा किती टक्के भाग बांधायचा, रस्ता किती रुंद, पार्किंगला फरसबंदी लागेल की नाही, हे नियम लिहिणारा नियोजक तो ठरवतो. वर्गात मात्र त्याला कुणी सांगत नाही की तू आत्ता गटाराचा व्यास ठरवलास. दोन्ही वर्गांत बसलेल्या मुलाला हे दुसऱ्या वर्षातच दिसतं. बाकीच्यांना पहिलं पाणी तुंबल्यावर.

दुसरं, दोन्हीकडे विचार करायची पद्धतच उलटी आहे, आणि त्रास अभ्यासापेक्षा याचा जास्त होतो. प्रयोगशाळेत 'पुरावा अपुरा आहे, अजून नमुने हवेत' हे सन्मानाचं उत्तर असतं. स्टुडिओत ज्युरीपुढे, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, ते दिलंस तर सोलून काढतील. हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी १९७३ सालीच लिहून ठेवलंय की शास्त्रज्ञाचं गृहीतक खोटं ठरलं तर त्याला कुणी दोष देत नाही, नियोजकाला मात्र चुकायची मुभा नसते, कारण त्याच्या चुकीत माणसं राहतात. दोन्ही शिकायचं म्हणजे या दोन सवयी एकाच डोक्यात नांदवायच्या. जमतं, पण पहिली दोन वर्षं चिडचिड होते.

तिरकस

एक ना धड, भाराभर चिंध्या.

वाईट वाटून घेऊ नकोस पायवाट, पण कुणीतरी हे बोलायला हवं. मी सल्लागार कंपनीत माणसं निवडतो. माझ्याकडे जलशास्त्रज्ञ असतो, परिसंस्थावाला असतो, वाहतूकवाला असतो. मला दोन्हीकडचं थोडंथोडं येणारा नको असतो, एक गोष्ट पक्की येणारा हवा असतो. नकाशेवाल्यांनी सांगितलेलं गुणांकाचं गणित एका दुपारी शिकता येतं. त्यासाठी आयुष्यातलं एक वर्ष कशाला?

पाणवठा

तिरकसराव, तुमच्या टीममधला जलशास्त्रज्ञ बैठकीला येतो तेव्हा जागेचा नकाशा आधीच ठरलेला असतो ना? मी त्या खुर्चीत बसलेय. आम्हाला विचारतात, 'इथे अडीचशे घरं येणार आहेत, पाण्याचं काय करायचं ते सांगा.' इथे घरं यावीत का, हे विचारायची वेळ केव्हाच टळलेली असते.

पायवाट, दोन उदाहरणं देते. दोन्ही खूप गाजलेली आहेत आणि दोन्हीकडचं शिकल्याशिवाय त्यांतला फरक कळत नाही.

सोलमधला छंग-ग्ये-छन ओढा. वर उड्डाणमार्ग होता, खाली गाडलेला ओढा. २००३ ते २००५ मध्ये मार्ग पाडून सुमारे ५.८ किलोमीटर ओढा उघडा केला. नगररचनेच्या प्रत्येक वर्गात तो दाखवतात, आणि दाखवावाच. लोक येऊन बसतात, परिसर थंड झाला, रस्ता गेल्यानं शहर काही थांबलं नाही. पण पाण्याच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, हे पाणी येतं कुठून? बहुतांश हान नदीतून पंपानं उचलून आणतात, काही भुयारी रेल्वेच्या स्थानकांतून उपसलेलं भूजल. पंप बंद तर ओढा बंद. म्हणजे सार्वजनिक जागा म्हणून उत्तम, नदीचं पुनरुज्जीवन म्हणून अर्धवट.

आता सिंगापूरमधलं बिशान उद्यान. तिथे २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा फोडून ३ किलोमीटरहून लांब, वळणावळणाची नदी केली. २०१२ मध्ये काम पुरं झालं. उद्यान हेच पूरक्षेत्र. एरवी काठावर मुलं खेळतात, पाऊस आला की पाणी पसरतं आणि लोक वर सरकतात. काठ धरून ठेवायला झाडांची मुळं, दगड, काथ्याच्या जाळ्या असली तंत्रं वापरली, आणि ती आधी उद्यानातल्याच एका छोट्या नाल्यावर तपासून पाहिली. हे तपासून पाहणं पर्यावरणशास्त्रातून आलं, आणि पूरक्षेत्र आणि उद्यान एकाच जागेवर बसवायचं धाडस नगररचनेतून. एकाच ज्ञानशाखेच्या टेबलावर हे सुचलं नसतं असं माझं मत आहे.

भटकी मुंगी

मी सध्या दोन्ही मुख्य घेऊन शिकतेय, चौथं वर्ष. सीनिअर बाईंनी झोपेबद्दल जे सांगितलं ते खरं आहे. बाकी प्रॅक्टिकल गोष्टी सांगते.

खरी मारामारी विषयांची नसते, वेळापत्रकाची असते. स्टुडिओ आठवड्यातून दोन-तीन अख्ख्या दुपारी खातो आणि पर्यावरणाची प्रात्यक्षिकंही नेमकी दुपारीच असतात. प्रवेश घ्यायच्या आधी दोन्ही विभागांची गेल्या वर्षीची वेळापत्रकं मागून शेजारी शेजारी ठेव. माहितीपत्रकातल्या गोड गोड वाक्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं. क्षेत्रभेटींचंही तसंच. पाण्याचे, मातीचे नमुने ऋतू बघून घ्यावे लागतात, आणि ज्युरीची तारीख ऋतू बघत नाही.

संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं काम) दोन्हीकडे लागतात. दोन्ही विभागांत ते एकदाच मोजून घेता येतात का, हे लेखी विचारून घे. तोंडी होकारावर विसंबू नकोस, विभागप्रमुख बदलले की होकारही बदलतो. (आमच्याकडे झालंय.)

तिसरं, मान्यता. बऱ्याच देशांत नियोजक म्हणून काम करायला व्यावसायिक संस्थेनं मान्य केलेली पदवी लागते किंवा फार उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये आरटीपीआय ही नियोजकांची अशी संस्था आहे. जोड-पदवीत स्टुडिओ कमी करून ती मान्यता तर जात नाही ना, हे बघ.

रसायनाची भीती सोड. नायट्रोजन-फॉस्फरसचं चक्र, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू, जड धातू मातीत कसे अडकतात, एवढं समजून घ्यायची तयारी असली की निभावतं. कठीण जातं ते संख्याशास्त्र.

जुनी वही

मुंगीनं व्यवहाराचं सांगितलं, मी थोडं मागचं सांगतो. निवृत्त शिक्षक आहे, सवय जात नाही.

हे दोन विषय मुळात वेगळे नव्हतेच. १८४०च्या दशकात लंडनमध्ये एडविन चॅडविक हा सुधारक शहराच्या स्वच्छतेमागे लागला होता. रोग दुर्गंधीतून पसरतो, ही त्याची आणि त्या काळातल्या बहुतेकांची समजूत. त्यामुळे घाण घरांपासून दूर न्यायची, हा नियोजनाचा उपाय अगदी तर्कशुद्ध वाटला. मैलाकुंड्या बंद करून, गटारं धुऊन सगळं थेम्स नदीत लोटलं. आणि पिण्याचं पाणी पुष्कळांना त्याच नदीतून मिळत होतं! १८४८-४९ ची कॉलऱ्याची साथ हजारो माणसं घेऊन गेली. नियोजन कार्यक्षम होतं, शास्त्र चुकीचं होतं, आणि कार्यक्षमतेमुळेच नुकसान वाढलं.

पुढे १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू मांडून दाखवले. तो नकाशा सगळ्यांना माहीत असतो. माहीत नसतं ते हे की पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती आणि स्नोचं म्हणणं लगेच कुणी मानलंही नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटात शिरली तेव्हा कुठे बॅझलजेट या अभियंत्याच्या मोठ्या गटारयोजनेला पैसे मिळाले. म्हणजे चुकीच्या समजुतीतूनच शेवटी बरोबर काम झालं. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते फार अस्वस्थ होतात, आणि व्हावंच.

तिरकस

वहीकाका, किस्सा झकास. पण माझाच मुद्दा सिद्ध होतोय ना? चॅडविकला शास्त्र कच्चं येत होतं. अर्धवट ज्ञान घातक.

आणि आजचं बघा. 'स्पंज शहर' या नावाखाली चीनमध्ये २०१३ नंतर केवढं काम झालं. पर्यावरण आणि नगररचना हातात हात घालून. चंगचौ शहरातही त्यावर मोठा खर्च झाला होता. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. काय उपयोग?

पाणवठा

हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर देता येतं, म्हणून थोडं लांबवते.

स्पंज शहरांचं अधिकृत उद्दिष्ट होतं पडलेल्या पावसापैकी ७० टक्के पाणी तिथल्या तिथे जिरवायचं किंवा वापरायचं, आणि ते २०३० पर्यंत शहराच्या ८० टक्के भागात. हे वर्षभराच्या पावसाचं गणित आहे. नेहमीच्या लहान-मध्यम सरींसाठी झिरपते रस्ते, पाणथळ जागा, हिरवी छपरं उत्तम चालतात. तासाला २०० मिलिमीटर म्हणजे त्यांचा हिशेबच नव्हे. तेवढ्या पावसात माती काही मिनिटांत भरून जाते आणि हिरवळही डांबरासारखी वागायला लागते. तिथे लागते पूर्वसूचना, रेल्वे वेळेवर बंद करण्याचा अधिकार, आणि पाणी वाहून जायला राखलेली वाट.

कोपनहेगनचं उदाहरण याच्या शेजारी ठेवा. २ जुलै २०११ ला तिथे जोराचा पाऊस झाला, तळघरं भरली. २०१२ मध्ये त्यांनी ढगफुटीचा वेगळा आराखडा केला. त्यात नुसतं जिरवणं नाही. काही रस्तेच पाणी वाहून नेतील अशा उताराचे, काही उद्यानं आणि चौक तात्पुरती तळी होतील अशा खोलीचे. कोणता रस्ता भरू द्यायचा हे आधी ठरवलेलं. कुणाच्या दारात पाणी जाऊ द्यायचं हा निर्णय नुसता जलशास्त्रज्ञ घेऊ शकत नाही आणि नुसता नियोजक मोजू शकत नाही.

पूररेषेबद्दलही असंच. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' ऐकून नियोजक निश्चिंत होतात, कारण त्यांचा आराखडा वीस वर्षांचा. पण दरवर्षी १ टक्का शक्यता वीस वर्षांवर पसरली की किमान एकदा तसा पूर यायची शक्यता होते सुमारे १८ टक्के. साधारण साडेपाचात एक. हे संख्याशास्त्राच्या पहिल्या सेमिस्टरचं गणित आहे, पण मी ते अनुभवी नियोजकांना समजावून सांगितलंय.

नकाशेवाला

+१. यातला 'पाण्याची वाट राखणं' हा भाग फार महत्त्वाचा आहे. पाणलोटाची हद्द डोंगरमाथ्यावरून जाते आणि प्रशासनाची हद्द पुष्कळदा नदीच्या मधून. म्हणजे एकाच नदीचे दोन काठ दोन वेगळ्या आराखड्यांत. एका काठानं भिंत बांधली की पाणी दुसऱ्या काठावर. माझ्या कामातली निम्मी भांडणं इथेच आहेत.

पायवाट

बापरे, एवढं सगळं! वाचतेय, टिपणं काढतेय.

एक बाळबोध प्रश्न. दोन्ही विषयांचं शेवटी उत्तर 'झाडं लावा' हेच असतं असं मला आत्तापर्यंत वाटत होतं. तसं नाहीये का?

पाणवठा

पुष्कळदा हो, पण कुठली आणि कुठे ते सांगा, मग बोलू. निलगिरी, पॉप्लर, ओकच्या बऱ्याच जाती उन्हात आयसोप्रीन नावाचं वायुरूप रसायन सोडतात. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी त्याची गाठ पडली की जमिनीलगतचा ओझोन वाढतो. आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद, वाहत्या रस्त्यावर दाट छत्रीची झाडं लावली तर वारा अडून धूर खालीच कोंडतो. तिथे झुडपांचं बुटकं कुंपण बरं. सावली हवी तर रस्त्याची दिशा बघावी लागते, मुळांना मातीचं घनफळ द्यावं लागतं, खालून जाणाऱ्या वाहिन्या हलवाव्या लागतात. आराखड्यावर हिरवा ठिपका काढणं सोपं असतं.

भटकी मुंगी

याहून मोठा तिढा दाटीचा आहे. नगररचनेत शिकवतात : शहर आटोपशीर ठेवा, घरं जवळजवळ बांधा, म्हणजे प्रवास कमी, शेतं-जंगलं वाचतात. पर्यावरणाच्या वर्गात त्याच आठवड्यात शिकवतात : काँक्रीट वाढलं की उष्णता वाढते, पाणी मुरत नाही. दोन्ही खरं! माझ्या दोन मार्गदर्शकांचं यावरून एकदा माझ्यासमोरच जुंपलं होतं. मी मुकाट्यानं लिहून घेत होते, प्रबंधाचा विषयच मिळाला.

जर्मनीतलं श्टुटगार्ट बघ. शहर वाटीसारख्या खोऱ्यात, वारा कमी. तिथे १९३८ पासून नगरपालिकेत हवामानतज्ज्ञ नेमलेला आहे. रात्री टेकड्यांवरून थंड हवा खाली उतरते, तिच्या वाटा नकाशावर आखल्या आहेत आणि त्या वाटांवर बांधकामाला आळा घालतात. म्हणजे दाटी करायची, पण हवा जिथून येते ती जागा सोडून. 'दाट की विरळ' असा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, प्रश्न 'कुठे दाट' हा आहे.

तिरकस

श्टुटगार्टचं मान्य. आमच्याकडे आघात मूल्यांकनाचे (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते सांगणारे) अहवाल येतात त्यात असली वाट कधीच सापडत नाही. प्रकल्प ठरल्यावर अहवाल लिहून घेतात, 'परिणाम नगण्य' म्हणून. हे शिकून ती मुलगी काय बदलणार?

नकाशेवाला

अहवालांबद्दल तुमचं बरोबर आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा पहिला राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १ जानेवारी १९७० ला सही होऊन आला, आणि त्यात गाभा होता पर्यायांची तुलना. प्रकल्प न करणं हाही एक पर्याय. प्रत्यक्षात प्रकल्प एकेकटा तपासला की पर्याय उरत नाहीत आणि दहा छोट्या 'नगण्यां'ची बेरीज कुणी करत नाही. म्हणून युरोपीय संघानं २००१ मध्ये आराखडे आणि कार्यक्रम यांचंच मूल्यांकन करायचा निर्देश काढला. ते काम करायला असा माणूस लागतो ज्याला भूवापराचा नकाशाही वाचता येतो आणि अधिवासाचा तुकडा किती लहान झाला की त्यातली प्रजाती टिकत नाही हेही कळतं. तुमच्या टीममध्ये नसेल तर तो आत्ताच शोधायला लागा.

तिरकस

बरं. एक पाऊल मागे घेतो. पण माझी अट कायम : एक गोष्ट पक्की यायला हवी. दोन्ही शिक, पण एकात खोल उतर.

पायवाट

तुमचं हे पटलं, तिरकसदादा. घरीही बोलले. मुख्य नगररचना आणि दुय्यम पर्यावरणशास्त्र असं ठरवतेय, पण दुय्यममध्ये पाण्याचाच धागा धरून ठेवेन. मुंगीताई, मिळतील तेवढ्या क्रेडिटमध्ये काय काय घेऊ?

भटकी मुंगी

जलशास्त्र आणि मृदाशास्त्र घेच. माती कळली नाही तर जिरवायचं काय ते कळत नाही. पर्यावरण कायदा घे, कंटाळवाणा आहे, पण ज्युरीत आणि पुढे नोकरीत तोच उपयोगी पडतो. परिसंस्थाशास्त्राचा एक पेपर. हवाप्रदूषण जमलं तर.

आणि रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास) तिसऱ्या वर्षाच्या स्टुडिओआधी उरक. आमच्या वर्गात निम्म्या मुलांनी उपग्रहाच्या औष्णिक प्रतिमा घेऊन 'शहरातली उष्णता' म्हणून लाल-पिवळे नकाशे टांगले होते. लँडसॅट ८ उपग्रह सकाळी दहाच्या सुमारास वरून जातो, आणि तो छपराचं-रस्त्याचं पृष्ठतापमान मोजतो, हवेचं नाही. त्याचा औष्णिक पिक्सेलही मुळात १०० मीटरचा, ३० मीटरचा करून दिलेला. हवेतलं उष्णतेचं बेट सूर्यास्तानंतर जास्त जाणवतं. ज्युरीतल्या एका बाईंनी एवढंच विचारलं, 'हे किती वाजताचं आहे?' आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

थर एकमेकांवर चढवून 'योग्य जागा' काढतानाही सांभाळ. इयन मॅकहार्ग हे नियोजक पारदर्शक कागद एकावर एक ठेवून करायचे तेच आता संगणकावर होतं, पण उताराला ३ गुण, मातीला २ गुण असे क्रमांक देऊन बेरीज मारली की उत्तर कसंही फिरवता येतं. भार बदलून दोन-तीनदा काढून बघ आणि निकाल किती हलतो तेही ज्युरीला दाखव.

पायवाट

हे सगळं वहीत उतरवलं. वेळापत्रकं मागवायला उद्याच दोन्ही विभागांत मेल टाकते.

जुनी वही

मेल टाक, पण स्वतः जाऊनही ये. कार्यालयातल्या क्लार्कला विचार, कुठले पेपर दरवर्षी सुरू होतात आणि कुठले फक्त कागदावर असतात. ते प्राध्यापक सांगणार नाहीत.